चालता संगणक म्हातारा कोणी ठरवला?

विंडोज सोडून लिनक्सवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या दुसऱ्या एका फुकट प्रणालीवर, जाणारा माणूस म्हटलं की आपल्याकडे एक ठरावीक चेहरा डोळ्यांसमोर येतो: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं बडवणारा पोरगा. नाशिकमध्ये माझ्या ओळखीपाळखीत अलीकडे ज्यांनी लिनक्स घेतलं त्यांच्यात असा पोरगा एकही नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, इंदिरानगरात शिकवण्या घेणाऱ्या बाई आहेत, सिडकोतले एक विमा एजंट आहेत, पंचवटीतल्या भजनी मंडळाचा हिशेब ठेवणारे काका आहेत. यांच्या लेखी कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा नव्हे, लष्करातला हुद्दा. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं काय आरंभलं, रिचर्ड स्टॉलमन यांची मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ कशासाठी आहे, हे सांगायला बसलात तर ही मंडळी चहा मागवतील आणि विषय बदलतील. तरी ती गेली. का गेली, हे नीट पाहायला हवं. कारण चालता संगणक टाकून का द्यायचा, हा जो प्रश्न या लोकांना दुकानाच्या काउंटरवर पडला, तो खरं तर जिल्हा परिषदेला, महापालिकेला आणि शाळांना पडायला हवा होता. त्यांना तो पडल्याची लक्षणं नाहीत.

लिनक्स फुकट मिळतं म्हणून लोक तिकडे वळतात, हे उत्तर आपल्याकडे टिकत नाही. आपल्याकडे विंडोजही फुकटच होतं. असेंबल केलेला पीसी घ्यायचा, दुकानदार बिलात अवाक्षर न लिहिता त्यात विंडोज टाकून द्यायचा. पुढं मशीन हँग व्हायला लागलं की तीनचारशे रुपयांत ‘फॉरमॅट मारून’ नवीन विंडोज, वर ऑफिस, फोटोशॉप आणि मराठी फॉन्टचा संच. लायसन्स हा शब्द आपण गाडीपुरता राखून ठेवला होता. या फुकटेपणाची किंमत होतीच, फक्त ती दुसऱ्या खिशातून जायची. चोरीचं विंडोज खरं भासवणारा क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद, पकडलं जाऊ नये म्हणून अपडेट बंद. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइल अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्यावरचा उतारा मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी अपडेट घेतलेच नव्हते ते सापडले, आणि त्यांत विंडोज ७ ची मशीनं सर्वांत जास्त होती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. लासलगाव-पिंपळगावचा कांदा ज्या बंदरातून बोटीवर चढतो, तेच हे बंदर. अपडेट म्हणजे कोपऱ्यात येणारी एक कटकट, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते दिवस आठवावेत.

म्हणून १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवशी विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. कंपनीच्या बाजूनं एवढं म्हणायलाच हवं की २९ जुलै २०१५ ला आलेली प्रणाली तिनं दहा वर्षं सांभाळली, आणि मोबाइलच्या जगात एवढं कोणी सांभाळत नाही. एक्सपी २०१४ मध्ये गेलं, सात २०२० मध्ये गेलं, तेव्हाही लोक कुरकुरले. पण तेव्हा बऱ्याच वेळा त्याच मशीनवर पुढचं विंडोज बसायचं. थोडी रॅम वाढवली की भागायचं.

या वेळी तसं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, सुरू होताना प्रणाली अस्सल आहे का हे तपासणारं सिक्युअर बूट लागतं, आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला लागतो. प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलची ही यादी ढोबळमानानं आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१७ च्या गुढीपाडव्याला घेतलेला, सातव्या पिढीचा आय-५ असलेला, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप यादीबाहेर. चोरवाटा आहेत, तपासणी चुकवून अकरा बसवता येतं. पण कंपनी स्वतःच सांगते की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, आणि हमी नसलेल्या अपडेटवर बँकेचे व्यवहार करायचे तर क्रॅकच्या दिवसांत काय वाईट होतं? कॅनालिस या संशोधन संस्थेनं २०२३ च्या अखेरीस अंदाज बांधला होता की या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी भंगाराच्या वाटेला लागतील. आपल्या अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेनं हटवला, तो पुन्हा वसला, पुन्हा हटवला. त्या व्यवसायाला कच्चा माल कमी पडणार नाही, एवढं नक्की.

महात्मा गांधी रोडच्या आतल्या गल्लीत एका दुरुस्तीच्या दुकानात वर उल्लेख केलेल्या मुख्याध्यापकांबरोबर मी होतो. दुकानातल्या मुलानं लॅपटॉप उघडला, खालचं स्टिकर वाचलं आणि मान हलवली.

“सर, याच्यावर अकरा नाही पडणार.”

“का? बिघडलंय काही?”

“बिघडलं काहीच नाही. सेव्हन्थ जनरेशन आहे ना.”

“मग?”

“मग नवीन घ्या, चाळीसच्या आसपास धरा. नाहीतर हार्ड डिस्क काढून वेगवान एसएसडी टाकतो आणि मिंट मारून देतो. आधी पेन ड्राइव्हवरनं चालवून बघा. नाही आवडलं तर नका घेऊ.”

त्यानं पेन ड्राइव्ह लावला. आतल्या विंडोजला हात न लावता, निव्वळ पेन ड्राइव्हवरून लिनक्सचा मिंट हा प्रकार सुरू झाला. वाय-फाय पकडलं. सरांनी खाली डाव्या कोपऱ्यात बोट नेलं; तिथं बटण होतं, त्यातून यादी उघडली, त्यांचा चेहरा सैल झाला. फायरफॉक्समध्ये वर्तमानपत्र उघडलं, मग जुन्या हार्ड डिस्कवरचे नातवाच्या मुंजीचे फोटो उघडले. “वर्ड कुठाय?” मुलानं लिब्रेऑफिस दाखवलं. सरांनी शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचं एक पत्र उघडलं, ओळी थोड्या सरकल्या होत्या, त्यावर नाक मुरडलं. मग इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड सेटिंगमधून निवडून चार ओळी मराठी टाइप केल्या. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागलं नाही, तो सेटिंगमध्येच असतो. “पुन्हा कधी बंद पडणार हे?” हा त्यांचा शेवटचा प्रश्न. मिंट २२ ही आवृत्ती २०२४ च्या जुलैत आली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. नंतर पुढची आवृत्ती, याच लॅपटॉपवर. सर म्हणाले, “टाक मग.”

“बिघडलं काहीच नाही” हे वाक्य मला या सगळ्या प्रकरणाचं मूळ वाटतं. शिक्षकी पेशात पै-पै जोडलेल्या माणसाला नादुरुस्त वस्तू टाकून देणं कळतं. धडधाकट वस्तू कोणीतरी दूर बसून बाद ठरवतं, हे त्याला कळत नाही, आणि कळू नयेच. विंडोज सोडणाऱ्यांना लिनक्सचा मोह पडलेला नसतो. आपल्या वस्तूचं आयुष्य दुसऱ्यानं ठरवावं हे त्यांना मान्य नसतं.

हा राग फक्त जुन्या मशीनपुरता राहिलेला नाही. ज्यांचं मशीन नवं आहे त्यांचंही विंडोजशी पटेनासं झालंय. नवा लॅपटॉप घरी आणा. तो सुरू करायला आधी इंटरनेट हवं, मग मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. विकत घेतलेल्या वस्तूच्या दारात आपणच ओळखपत्र दाखवून उभे. पुढं वनड्राइव्ह ही कंपनीची ऑनलाइन साठवण डेस्कटॉपवरच्या फाइल आपणहून इंटरनेटवर नेऊन ठेवते, पाच जीबीची फुकट जागा भरली की पैसे मागते, आणि घाबरून वनड्राइव्ह बंद करणाऱ्याला वाटतं आपल्या फाइल गेल्या. अलीकडे बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या ऑनलाइन खात्यात जाते. ते खातं कोणत्या ईमेलवर, कोणत्या भाच्यानं काढून दिलं होतं, हे आठवलं नाही तर लग्नाचे फोटो संपले. कुलूप चांगलंच आहे, चोरीच्या लॅपटॉपमधली माहिती त्यानं वाचते. पण कुलूप लावलंय हे मालकाला सांगितलं पाहिजे की नाही? आणि २०२४ च्या मे महिन्यात कंपनीनं रिकॉल नावाची सोय जाहीर केली: संगणक तुमच्या स्क्रीनचे थोड्या थोड्या वेळानं फोटो काढून ठेवणार, म्हणजे तुम्हाला मागचं शोधता येईल. एवढा गदारोळ झाला की ती मागे घेऊन, सुधारून, ‘हवी असेल तरच’ अशा अटीवर आणावी लागली. आपल्याच घरात भाडेकरूसारखं राहायचं आणि मालकानं वेळी-अवेळी डोकावायचं, असा हा मामला आहे.

आता दुसरी बाजू, कारण लिनक्सवाल्यांचा उत्साह कधीकधी घात करतो. कॅनडा कॉर्नरला बसणाऱ्या सीएच्या ऑफिसात जाऊन कोणी मिंट टाकायला सांगितलं तर ते हसतील, आणि त्यांचं बरोबर आहे. टॅली अधिकृतपणे लिनक्सवर येत नाही. फ्लेक्स छापणाऱ्याचं पोट कोरलड्रॉवर आहे, नकाशे काढणाऱ्याचं ऑटोकॅडवर. दोन्ही लिनक्सवर नाहीत. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं एक साधन आहे, त्याचं नाव वाइन, आणि नाशिककरांनी यावर जे विनोद करायचे ते करून झालेत. पण या वाइनवर धंदा टाकू नये. सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनला सिरियल केबलनं प्रोग्रॅम पाठवणारं एक्सपीचं खोकं अजून धूळ खात, पण बिनबोभाट चालतंय. त्याला इंटरनेटच नाही, तर त्याला हात लावायचं कारण नाही. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे असतो तो कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर विंडोजवर निमूट चालतो, लिनक्सवर मात्र अर्धा दिवस खातो. एचपीचे बहुतेक प्रिंटर उलट लावताक्षणी चालतात. असं सगळं आहे. जो हे न सांगता लिनक्स टाकून देतो त्याचं गिऱ्हाईक महिन्याभरात परत विंडोजवर जातं आणि चार लोकांना सांगतं की लिनक्स काही खरं नाही.

पण ही अडचणींची यादी पुन्हा वाचून पाहा. टॅली, कोरल, ऑटोकॅड हा खासगी बाजार आहे. त्यांनी लिनक्ससाठी माल काढावा की नाही हा त्यांचा प्रश्न. सामान्य माणसाला विंडोजशी बांधून ठेवणाऱ्या कित्येक गाठी मात्र सरकारनं मारलेल्या आहेत. आयकर खात्याची विवरण भरायची ऑफलाइन युटिलिटी विंडोजसाठी, नाहीतर मॅक्रो असलेल्या एक्सेलमध्ये. पोर्टलवर ऑनलाइन विवरण भरलं तर लिनक्समधून काही अडत नाही, म्हणजे तांत्रिक अडचण नाहीच. डिजिटल सहीचा टोकन, म्हणजे सही साठवलेला पेन ड्राइव्हसारखा तुकडा, घ्या. दुकानदार विंडोजवरच बसवून देतो, दुसरं त्याला माहीत नाही. जुनी मराठी कागदपत्रं श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, तो फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा शिमगा. ती मोबाइलवरही उघडत नाहीत, यात लिनक्सचा दोष शोधण्यात अर्थ नाही. शासनानं युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी नीट दिसणारी पद्धत, वापरा म्हणून सांगितलं त्यालाही वर्षं लोटली. पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या लोकांनी सांभाळलेल्या लोहित देवनागरीसारखे फॉन्ट फुकट आहेत. तरीही अमुक कार्यालयातून येणारा नमुना अर्ज वर्डच्या फाइलमध्ये, जुन्या फॉन्टमध्ये, आणि वर ‘याच नमुन्यात भरून पाठवावा’.

आणि एमएस-सीआयटी. यातलं एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट, हे मुद्दाम सांगावं लागतं, एवढा तो अभ्यासक्रम विंडोज आणि एमएस ऑफिसभोवती फिरतो. सरकारी नोकरीसाठी तो लागतो, म्हणून दुर्गम सुरगाणा तालुक्यातला मुलगाही पैसे भरून तो करतो. २००१ पासून या राज्यात संगणक शिकणं म्हणजे एका कंपनीचा माल वापरायला शिकणं, असं आपण बिनविरोध ठरवून टाकलं. मग लोक म्हणतात लिनक्स अवघड आहे. सवय लावली एकाची आणि दुसरं अवघड म्हणून बाद केलं, याला परीक्षा म्हणत नाहीत.

केरळनं दुसरं ठरवलं. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकवला जातो. काईट ही सरकारी कंपनी शिक्षकांना शिकवते आणि शाळांसाठी खास तयार केलेली प्रणाली देते. दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांमागे तीन हजार कोटी वाचले, असा २०१९ मधला तिथला दावा. भागाकार करून पाहिला तर संगणकामागे दीड लाख येतात, आणि एवढं सॉफ्टवेअर शाळेला कशाला लागतं हे मला कळलेलं नाही. आकडा फुगवलेला वाटतो. पण तो दहा पट खाली आणला तरी तीनशे कोटी उरतात. आणि केरळची मुलं नोकरीला लागल्यावर विंडोज बघून गोंधळली, असं काही ऐकिवात नाही.

जर्मनीतल्या म्युनिक शहराचं उदाहरण विरोधक हमखास देतात, म्हणून तेही घेऊ. त्या शहरानं २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षं खपून पंधरा हजारांच्या आसपास संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये विंडोजवर परतायचा ठराव केला. राजकारण होतं, पण नुसतं राजकारण नव्हतं. बाकीची सगळी दुनिया वर्डच्या फाइल पाठवत असताना एकट्या शहरानं वेगळं राहणं जड जातं. म्हणूनच फाइल कोणत्या स्वरूपात द्यायची-घ्यायची हा प्रश्न आधी सोडवायचा आणि लिनक्स नंतर. आता जर्मनीतलंच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य तीस हजार संगणकांसाठी याच क्रमानं निघालंय: आधी लिब्रेऑफिस, मग विंडोज बदलणं.

‘एवढी घाई कशाला’ असं ज्यांना वाटतं त्यांनी गुजरातेतल्या वाडिनारकडे पाहावं. २०२५ च्या जुलैत युरोपीय संघानं तिथल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीची मोठी भागीदारी. आठवडा उलटायच्या आत मायक्रोसॉफ्टनं तिला दिलेल्या सेवा बंद केल्या. भारतातली, भारतीय कायद्यानं चालणारी, पैसे भरलेली कंपनी; तिचा ईमेल बंद. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि सेवा परत आल्या. हा मामला क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून मिळणाऱ्या सेवांचा होता, टेबलावरच्या विंडोजचा नव्हता, हे खरं. पण ‘खातं काढा, फाइल ऑनलाइन ठेवा, किल्ली आमच्याकडे द्या’ म्हणत विंडोजही त्याच दिशेला निघालंय. संरक्षण मंत्रालयानं २०२३ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली माया ही प्रणाली विंडोजच्या जागी आणायचं ठरवलं, ते उगीच नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स तर २००७ पासून आहे. केंद्राचं २०१५ चं धोरणही सांगतं की सरकारी खरेदीत लिनक्ससारख्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा विचार झालाच पाहिजे आणि ते वगळायचं तर कारण द्यायला हवं. कागदावर कशाची कमी नाही.

म्हणून जिल्ह्यापुरतं बोलतो. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी जाहीर झालेली वर्षभराची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची; संस्थांना ती पैसे भरून आणखी वाढवता येते. मुदत संपली की शाळांतले, वाचनालयांतले, ग्रामपंचायतींतले हजारो धडधाकट संगणक ‘कालबाह्य’ म्हणून निर्लेखित होतील आणि मार्चअखेर निधी संपवण्याच्या गडबडीत नवीन येतील. पेठ-सुरगाण्याच्या शाळांत हे कसं चालतं ते एकदा जाऊन पाहावं. गुरुजींच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडायचा, आणि धडा दाखवायच्या आत विंडोजनं अपडेट ओढून दिवसाचा डेटा संपवायचा. तिथं मुलांना लागतं काय? ब्राउझर, लिहायला काहीतरी, चित्र काढायला काहीतरी, व्हिडिओ. यातलं सगळं जुन्या मशीनवर लिनक्समध्ये होतं, आणि अपडेट कधी घ्यायचे ते गुरुजी ठरवतात.

खरेदीच्या फाइलवर सही करण्याआधी तालुक्याला एक शाळा आणि एक वाचनालय घेऊन जुन्या संगणकांत एसएसडी टाकावी आणि मिंट नाहीतर बॉस चालवून पाहावं. ज्या टेबलावर टॅली आहे, डिजिटल सही आहे, ते टेबल सोडावं. नवीन प्रिंटर घेताना निविदेत ‘लिनक्सवर चालणारा’ एवढे दोन शब्द टाकावेत, त्यानं किंमत वाढत नाही. कार्यालयांनी अर्जाचे नमुने युनिकोडमध्ये आणि पीडीएफमध्ये द्यावेत. आणि दुरुस्तीचं कंत्राट देताना महात्मा गांधी रोडच्या त्या मुलासारख्यांना बोलवावं. त्यांना हे काम येतं आणि कुठली मशीनं अजून चालतात हेही त्यांनाच ठाऊक आहे. एवढं करून जिथं जमलं नाही तिथं खुशाल नवीन घ्या, फक्त फाइलवर कारण लिहा. २०१५ च्या धोरणाचं म्हणणं तेवढंच आहे.